चाकाच्या एका फेऱ्यात एक्सलचा रेशो कळत नाही

ट्रकला मोठे टायर घालायचं ठरवलं की एक सल्ला हमखास मिळतो. मागचं एक चाक उचला, एकदा फिरवा, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणारा दांडा) फेरे मोजा. तोच एक्सलचा रेशो, म्हणजे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे होतात तो आकडा. त्याला जोडून आणखी दोन गोष्टी सांगतात: मोठ्या टायरने रेशो बदलत नाही म्हणून गिअरला हात लावू नका, आणि इंजिनाचे फेरे कमी झाल्याने डिझेल वाचतं. या अर्धवट माहितीवर लोक टायर घेतात, कधी क्राऊन-पिनियनचा (शाफ्टकडचा छोटा दातेरी पिनियन एक्सलमधल्या मोठ्या क्राऊनला फिरवतो) चुकीचा जोडही घेतात. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

पहिला मुद्दा फेऱ्याचा. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी एक्सलमधली यंत्रणा) क्राऊन दोन्ही चाकांच्या फेऱ्यांच्या सरासरीइतका फिरतो. एक चाक जमिनीवर स्थिर आणि दुसरं एकदा फिरवलं, तर क्राऊन अर्धाच फेरा घेतो. ३.७३ च्या एक्सलवर शाफ्ट जेमतेम १.८७ फेरे फिरेल. चाक पूर्ण दोनदा फिरवलं तरच खरा आकडा मिळतो. दोन्ही चाकं उचलली, तर एक फिरवताना दुसरं उलटं फिरू शकतं आणि मोजमापाला अर्थ उरत नाही. डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारी सोय) असेल, तर लॉक लावून दोन्ही चाकं उचला आणि एकच फेरा मोजा. तिथे दोन फेरे मोजलेत तर उत्तर दुप्पट येईल.

या सल्ल्यात एक धोका कुणी सांगतच नाही. मोजताना गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक सुटलेला असतो, म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच नसतं. जमीन सपाट हवी, खाली असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर हवा, आणि एक्सल जॅकवर नव्हे तर स्टँडवर टेकलेला हवा. एवढं नसेल तर गाडीखाली जाऊच नका.

‘अंदाजे साडेतीन फेरे’ हेही पुरेसं नाही. ३.५५ आणि ३.७३ यांतला फरक शाफ्टवर सुमारे ६५ अंशांचा असतो. नजर तिथे सहज फसते. टायरवर आणि शाफ्टवर खडूने खूण करा आणि चाक २० वेळा फिरवा. शाफ्टचे ३५.५ फेरे झाले की ३७.३, यात मग गोंधळ होत नाही. पक्का पुरावा मात्र दातांचाच: क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे ११ म्हणजे ३.७३, ४१ आणि १० म्हणजे ४.१०. गाडीवरच्या पट्टीवरचा आकडा कारखान्यातून निघतानाचा असतो. मधल्या काळात कुणी जोड बदलला असेल, तर तो तिथे दिसणार नाही.

आता ‘रेशो बदलत नाही’ हे. दात बदलत नाहीत, हे खरंच. पण चाकाचा परीघ वाढतो आणि परिणाम रेशो घटल्यासारखाच होतो. ३१ इंची टायर काढून ३५ इंची घातले, तर ३.७३ चा एक्सल ३.३० सारखा वागतो. जमिनीवर मिळणारा जोर सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. मूळची चाल परत हवी असेल तर ३.७३ ला ३५ ने गुणून ३१ ने भागा: ४.२१. मिळणाऱ्या जोडांत ४.१० किंवा ४.३० जवळचे. ओझं आणि चढ जास्त असतील तर मी ४.३० कडे झुकेन. टायरवर छापलेल्या मापापेक्षा भार पडल्यावरचं माप थोडं कमी असतं. जमिनीवर खूण करून एका फेऱ्यात गाडी किती सरकते ते मोजा.

डिझेल वाचल्याचा भास बहुतेकदा इंजिनाच्या फेऱ्यांवरून होतो. ताशी ८० किमीला थेट गिअरमध्ये (शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो तो) साधारण २,०१० फेऱ्यांऐवजी १,७८० लागतात, हे बरोबर. पण चढावर इंजिन दमतं, गिअर खाली घ्यावा लागतो, गाडी हलवताना क्लच जास्त झिजतो. शिवाय मीटर दुरुस्त केला नसेल तर ८० दाखवताना गाडी ९० ने पळत असते, आणि किलोमीटरही कमी नोंदले जातात. अशा मीटरवरून काढलेलं अ‍ॅव्हरेज खऱ्यापेक्षा कमीच दिसतं.

फोर बाय फोर ट्रक असेल तर पुढचा एक्सलही मोजा. मागचा जोड बदलून पुढचा तसाच ठेवलात, तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्टमध्ये ताण साचतो.