मधल्या घराचं उत्पन्न

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लाडकी बहीणचा विषय निघाला की दोन तट पडतात. काका राज्याच्या आर्थिक पाहणीतलं जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न पुढे करतात: गावं सुधारली, आता कशाला हवेत महिन्याचे दीड हजार? चुलतभाऊ म्हणतो, दोन कोटींवर बायका अडीच लाखांच्या मर्यादेत बसल्या, म्हणजे राज्य भिकेला लागलंय. दोघंही ठाम, आणि दोघांच्याही आकड्यांत गावातलं एक घर सापडेल तर शपथ!

जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न म्हणजे जिल्ह्यात जे काही निर्माण झालं त्याला डोक्यांनी भागायचं. एमआयडीसीतल्या कारखान्याचा नफा मालकाबरोबर मुंबईला गेला तरी हिशेबात तो आमच्या वाडीच्याही डोक्यावर चढतो. आणि ते अडीच लाख? पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागितला नव्हता. त्यावरून कसली गरिबी मोजता?

अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या एका ग्रामीण काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलसाठी ग्रँटचे अर्ज लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. जवळजवळ प्रत्येक अर्जात काउंटीचं मध्यक घरगुती उत्पन्न भरावं लागतं. सगळी घरं कमाईप्रमाणे रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या घराची कमाई ती. विक्रीसाठी गुरं पोसणाऱ्या एखाद्या फीडलॉटवाल्याला त्या वर्षी घबाड लागलं तरी मधलं घर जागचं हलत नाही.

हा आकडाही काही आकाशातून पडत नाही. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे तिथल्या जनगणना खात्याची, सेन्सस ब्यूरोची पाहणी, दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो, पण ६५ हजारांपेक्षा कमी वस्तीच्या काउंटीला एका वर्षाचा आकडा देत नाही. पाच वर्षांची उत्तरं एकत्र करून देतो. आमचे बोर्डवाले दर खेपेला लागोपाठचे दोन आकडे वजा करून वाढ काढतात, आणि मी दर खेपेला सांगतो की दोन्हींतली चार वर्षं तीच आहेत. वर्षावर्षाचं हवं असेल तर सेन्सस ब्यूरोचे वेगळे अंदाज घ्यायचे. सर्व्हेतल्या तुटपुंज्या नमुन्याला आयकराची विवरणपत्रं, फूड स्टॅम्प (गरिबांना मिळणारी सरकारी अन्नमदत), जुनी जनगणना यांचा टेकू देऊन ते काढतात. त्यातही २००५ पासून मूळ सर्व्हेच बदलला, म्हणून तिथे दिसणारी उडी लोकांच्या खिशातली की पद्धतीतली, हे आधी बघावं लागतं. महागाई वजा करायला जो निर्देशांक हाताशी असतो तो शहरी ग्राहकांचा. शेतावरची घरं त्यात धरतच नाहीत. शेतीत तोटा आला तर उत्पन्न उणे लिहायचं, जमीन विकून आलेला पैसा मात्र धरायचाच नाही. त्यामुळे गारपिटीच्या वर्षी हजार एकरांचा धनीसुद्धा कागदावर गरीब निघू शकतो.

पण माझ्या स्क्रीनवर त्या आकड्याला चिकटून एक अधिक-उणेचा रकाना असतो: खरा आकडा किती वर-खाली असू शकतो, ते सांगणारा. छोट्या काउंटीत तो इतका रुंद की दोन-तीन वर्षांची सगळी वाढ त्यात बुडून जाते. टेक्सासातल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती. तिथे मधलं घर ते काय शोधणार? तरीही, आम्हाला एवढंच माहीत आहे, हे सरकार स्वतः छापतं. तुमच्याकडे, भारतात, २०१७-१८ ची घरखर्चाची पाहणी झाली आणि पसंत न पडल्यासारखी बासनात गेली. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये, हा २०१८-१९ चा आकडा सगळे फेकतात. तो देशाचा आहे आणि सरासरी आहे, हे कुणी बोलत नाही.

‘अमेरिकेत बसून अक्कल शिकवू नकोस,’ असं चुलतभाऊ म्हणालाच. ‘तुमच्याकडे’ हा शब्द त्याला झोंबला. मलाही लिहिल्यावर झोंबला.

इथे सर्व्हेचा फॉर्म आमच्याही घरी आला होता. दोन महिन्यांहून जास्त राहणारा तो इथला, असा त्यांचा नियम, म्हणून मी बिनबोभाट या काउंटीचा झालो, तोही रांगेच्या वरच्या अर्ध्यात. गावाकडे पाहणीवाले एका चुलीवर जेवणाऱ्यांचं एक घर धरतात. त्यात मी बसत नाही. माझे पैसे मात्र दर महिन्याला त्याच चुलीला लागतात, आणि पुतणीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यात ते नाहीत. तलाठ्यानं विचारलं नाही, दादानं सांगितलं नाही. काकांच्या आणि चुलतभावाच्या आकड्यांची चिरफाड करताना मीही हे कधी काढलं नाही.

घरांच्या उत्पन्नाची देशभर पाहणी करायचं सांख्यिकी मंत्रालयानं २०२५ मध्ये जाहीर केलं. आपल्या दारात आले तर माझे पैसे सांग, असं मी दादाला फोनवर म्हटलं. तो म्हणाला, ‘सांगतो की. पण तुला घरातला लिहू की बाहेरचा?’

नियमानं उत्तर सोपं होतं. मी म्हटलं, आधी त्या दाखल्याचं बघ.