बेडीच्या दुहेरी कुलपाबद्दल एक ओळ तरी हवी होती
ब्रिटिश पोलिसांनी १९९०च्या दशकात साखळीच्या बेड्यांऐवजी ताठ बेड्या का घेतल्या, हे लेखात छान उलगडलंय. ताठ बेडीत दोन कड्यांमध्ये साखळीऐवजी धरायला कडक मूठ असते, त्यामुळे एकच मनगट अडकलं तरी पोलिसाची पकड टिकते. साखळीच्या बेडीत ते जमत नाही, उलट लोंबती बेडी मारायलाही वापरता येते. पण याच ताठपणामुळे झटापटीत सगळा जोर मनगटाच्या हाडावर येतो. बेडी फार आवळली गेली तर अंगठ्याकडची नस (मज्जातंतू) दबते आणि हाताची मागची बाजू कित्येक आठवडे बधिर राहू शकते! बेडी आपोआप आणखी आवळू नये म्हणून तर दुहेरी कुलूप असतं. ते लावलं का, मनगट आणि बेडीमध्ये बोट जातं का, हे पाहणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लेखात नेमकं तेच राहिलंय. कृपया भर घाला.