चाळीस दिवस, चौदा दिवस, 615 कोटी: चांद्रयान-3 बद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

23 ऑगस्ट जवळ आला, राष्ट्रीय अंतराळ दिवसाची गडबड सुरू झाली, की हा मेसेज हमखास येतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा हाच: "अमेरिका 1969 मध्ये चार दिवसांत चंद्रावर पोहोचली, आपल्याला 2023 मध्ये चाळीस दिवस लागले. त्याआधी 2019 मध्ये एक यान आपटून पैसे बुडवले. मग 615 कोटी खर्चून दुसरं पाठवलं, ते चौदा दिवसांत बंद पडलं. हाती काय लागलं? दगडमातीचे फोटो. तेवढ्यात किती गरिबांची पोटं भरली असती! आता ते भंगार चंद्रावर पडून आहे."

मी शाळेत विज्ञान शिकवते. हा मेसेज नववीतल्या मुली मोबाईलवर दाखवतात आणि विचारतात, "बाई, हे खरं आहे का?" त्यांच्यासाठी एकेका वाक्याचं उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

चाळीस दिवस. आकडा बरोबर आहे. 14 जुलै 2023 ला दुपारी 2:35 वाजता श्रीहरिकोट्याहून उड्डाण झालं आणि 23 ऑगस्टला संध्याकाळी 6:04 ला विक्रम, म्हणजे यानाचा चंद्रावर उतरणारा भाग (लँडर), तिथे उतरला. अपोलो-11 ला चार दिवस लागले, हेही खरं. त्यावरून आपण मागासलेले आहोत असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकतो. अपोलोचं सॅटर्न-5 रॉकेट 110 मीटर उंच आणि जवळपास तीन हजार टनांचं होतं. आपलं एलव्हीएम-3 साडेत्रेचाळीस मीटर उंच, 640 टनांचं. 3.9 टनांचं चांद्रयान-3 एका दमात चंद्राच्या वाटेला लावण्याएवढी ताकद त्यात नाही.

वर्गात मी झोपाळ्याचं उदाहरण देते. झोपाळ्यावरच्या पोराला उंच न्यायचं, तर एकदाच सगळी ताकद लावून ढकला, नाहीतर झोका परत आला की दर खेपेला थोडा थोडा रेटा द्या. इस्रोने दुसरा मार्ग घेतला. यान आधी पृथ्वीभोवती लांबट कक्षेत सोडलं: एका टोकाला 170 किलोमीटर, दुसऱ्या टोकाला सुमारे 36,500. यान पृथ्वीच्या अगदी जवळून जातं तेव्हा त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि नेमकं तेव्हाच इंजिन चालवलं की थोड्या इंधनात जास्त काम होतं. असे रेटे देत देत कक्षेचं लांबचं टोक वाढवत नेलं, 1 ऑगस्टला यान चंद्राकडे वळवलं, 5 ऑगस्टला ते चंद्राच्या कक्षेत शिरलं. वेळ जास्त लागला आणि त्याच्या बदल्यात रॉकेट लहान चाललं.

आणि हे फक्त आपणच करतो असंही नाही. जपानचं स्लिम यान सप्टेंबर 2023 मध्ये निघालं आणि जानेवारी 2024 मध्ये उतरलं, म्हणजे चार महिन्यांहून जास्त. अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीचं ब्लू घोस्ट 15 जानेवारी 2025 ला निघून 2 मार्चला उतरलं. तिथे 46 दिवस झाले, आणि त्यावरून अमेरिकेला मागासलेलं कुणी म्हटलं नाही.

"2019 मध्ये पैसे बुडवले." या वाक्याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो, कारण चांद्रयान-3 ची खरी गोष्ट इथेच आहे. चांद्रयान-2 चा लँडर 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कोसळला. का कोसळला, हे 2023 मध्ये इस्रोचे त्या वेळचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जाहीरपणे सांगितलं. लँडरच्या पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, त्यामुळे मार्गातल्या लहान चुका साचत गेल्या. त्या निस्तरण्यासाठी यानाला झटकन वळायला हवं होतं, पण वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरने मर्यादा घातली होती. त्यात उतरायची जागा अवघी 500 मीटर बाय 500 मीटर ठरलेली. जमीन जवळ येत होती आणि यान ती जागा गाठण्यासाठी वेग वाढवत होतं.

आता चांद्रयान-3 मध्ये काय बदललं ते पाहा. पाचाऐवजी चार इंजिनं. उतरायची जागा चार किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर. पाय जास्त मजबूत, इंधन जास्त, सौर पॅनल मोठे, आणि जमिनीच्या संदर्भात वेग मोजणारं नवं लेझर उपकरण. सगळं सुरळीत होईल असं धरून यान बांधण्याऐवजी, काय काय बिघडू शकतं याची यादी करून ते बांधलं. मुलांना चुकलेलं गणित खोडायचं नाही, शेजारी बरोबर सोडवायचं, असं आपण सांगतो ना? हे तेच आहे.

शिवाय चांद्रयान-2 म्हणजे फक्त तो लँडर नव्हता. त्याचा ऑर्बिटर, म्हणजे चंद्राभोवती फिरत राहणारा भाग, एका वर्षासाठी बनवला होता. उड्डाण अचूक झाल्यामुळे इंधन वाचलं आणि त्याचं आयुष्य सुमारे सात वर्षांवर गेलं. चंद्रावरची 25 सेंटीमीटरची वस्तू टिपणारा त्याचा कॅमेरा चांद्रयान-3 साठी सपाट जागा शोधायला वापरला. उतरण्याच्या दोन दिवस आधी दोन्ही यानांचा संपर्क जुळला, तेव्हा इस्रोने जाहीर केलेल्या संदेशात जुन्याने नव्याला म्हटलं होतं, "वेलकम, बडी!"

"हाती काय लागलं?" उन्हाळ्यात कोकणात समुद्रावर गेला असाल, तर दुपारच्या वाळूवर अनवाणी चालताना पाय पोळतात. पण तीच वाळू पायाने उकरली की चार बोटं खाली गारवा लागतो. विक्रमवरच्या 'चेस्ट' उपकरणाने चंद्राच्या मातीत शिरून हेच मोजलं. वर 50 अंशांच्या पुढे तापमान, आणि जेमतेम आठ सेंटीमीटर खाली उणे 10 अंशांच्या आसपास. चंद्रावरच्या एवढ्या दक्षिणेकडच्या मातीत कुणी तापमापक खुपसण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात आणखी एक गोष्ट आली: विक्रम उतरला त्या सूर्याकडे किंचित कललेल्या उतारावर दुपारी 82 अंश, तर मीटरभर बाजूच्या सपाट जागी सुमारे 59. जमिनीच्या थोड्याशा कलाने एवढा फरक पडतो. म्हणजे ध्रुवाकडे तोंड करून असलेल्या जास्त तीव्र उतारांवर थोड्या खोलीवर बर्फ टिकू शकतो, तो शोधायला थेट ध्रुवावरच जावं लागेल असं नाही.

विक्रममधून उतरलेल्या प्रज्ञान या चाकांच्या छोट्या गाडीने शंभर मीटरहून थोडं जास्त अंतर कापलं. प्रज्ञानने मातीत गंधक असल्याची खात्री केली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने बनवलेल्या उपकरणाने 23 ठिकाणच्या मातीचं विश्लेषण केलं, ते ऑगस्ट 2024 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. चंद्र जन्मला तेव्हा वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि दुधावर साय धरावी तशी हलकी खनिजं त्यात वर आली, असं शास्त्रज्ञ मानत होते. पण पुरावे होते ते मुख्यतः विषुववृत्ताच्या आसपासचे. तीच साय एवढ्या दक्षिणेलाही सापडली, हे प्रज्ञानने दाखवलं. याला दगडमातीचे फोटो म्हणणं अन्याय आहे.

इथे आपल्या बाजूच्या अतिशयोक्तीबद्दलही बोलायला हवं. आपण चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरलो, असं सर्रास लिहिलं जातं. विक्रम 69 अंश दक्षिण अक्षांशावर उतरला, तिथून ध्रुव 600 किलोमीटरहून जास्त दूर आहे. 'दक्षिण ध्रुवाजवळचा प्रदेश' म्हणा, तेवढंही मोठं आहे. आणि चंद्राच्या मातीवर राजमुद्रेचा ठसठशीत ठसा दाखवणारा तो फोटो खोटा आहे, कृपया पुढे पाठवू नका. खोट्याला खोट्याने उत्तर दिलं, की मुलींनी कुणावर विश्वास ठेवायचा?

गरिबांची पोटं. हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही, माझ्या वर्गात डबा न आणणारी मुलं आहेत. पण हिशेब करू या. 615 कोटी भागिले 140 कोटी माणसं, म्हणजे माणशी साडेचार रुपयेसुद्धा नाहीत, तेही एकदाच. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 50 लाख कोटींहून अधिक खर्च होता, त्यात अंतराळ विभागाला सुमारे 13,400 कोटी. शंभर रुपयांतले 26 पैसे. भूक या 26 पैशांमुळे राहिलेली नाही. आणि या 26 पैशांतच हवामानाचे उपग्रहही येतात. 1999 च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 च्या फायलिन चक्रीवादळात मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. याचं श्रेय लाखो लोकांना वेळेत हलवणाऱ्या प्रशासनाचं आहेच, पण कुणाला आणि कधी हलवायचं हे कळायला वरून पाहणारा डोळा लागतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा त्याची वाट आपण आधीपासून टीव्हीवर पाहत होतो, ती याच डोळ्यामुळे.

आता शेवटची दोन वाक्यं: चौदा दिवसांत बंद आणि भंगार. चंद्रावरचा एक दिवस आपल्या साधारण चौदा दिवसांचा, मग तेवढीच रात्र. यान सौरऊर्जेवर चालणारं, आणि रात्री तिथे उणे दीडशे अंशांखाली थंडी. म्हणून मोहिमेचा कालावधी उड्डाणाआधीच जाहीर केला होता: चंद्रावरचा एक दिवस. ठरलेलं काम पुरं करून यान झोपवलं. सकाळी ते पुन्हा जागं झालं असतं तर तो बोनस होता, तो मिळाला नाही. उलट झोपण्याआधी, 3 सप्टेंबरला, विक्रमने इंजिनं पुन्हा पेटवून 40 सेंटीमीटर उडी मारली आणि थोड्या अंतरावर अलगद उतरला. चंद्रावरून माती घेऊन परतणाऱ्या चांद्रयान-4 ला सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. तिथून परत उडण्याचा पहिला धडा ही उडी होती.

आणि भंगार म्हणाल, तर विक्रमच्या माथ्यावर नासाचा एक छोटासा घुमट बसवलेला आहे, पाच सेंटीमीटर रुंद, आठ स्फटिकी लोलकांचा. त्याला वीज लागत नाही, देखभाल लागत नाही. यान झोपल्यावर तीन महिन्यांनी, 12 डिसेंबर 2023 ला, चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने शंभर किलोमीटरवरून त्याच्यावर लेझरचे झोत टाकले. विक्रमकडून प्रकाश परत आला.