सर्व्हरची पाटी काढली, बोली कशी लपवणार?

अमळनेरचा माझा भाचा एका बियाण्यांच्या दुकानाची वेबसाइट सांभाळतो. परवा त्याचा फोन: "मामा, सर्व्हरचं नाव लपवलं, आता अपडेटची कटकट संपली!" व्हॉट्सअॅपवर फिरणारा तोच मेसेज. सर्व्हर हेडर, म्हणजे उत्तरासोबत सर्व्हर आपलं नाव-आवृत्ती सांगतो ती ओळ, काढा, हॅकर आंधळा होतो. हवं तर आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर) असं खोटं नाव लावा. मग जुनी आवृत्तीही चालते. माझं डोकंच फिरलं.

नाव काढल्याने ओळख जात नाही. धुळ्याचा माणूस मुंबईत कुठलंही आडनाव सांगू दे, "काय करी राहिना रे?" म्हटलं की कळतंच ना! सर्व्हरचंही तसंच. एनजिनएक्स आणि अपाचे हे दोन सर्व्हर प्रोग्राम घ्या: उत्तराच्या सुरुवातीला एनजिनएक्स सहसा आधी सर्व्हरचं नाव आणि मग तारीख सांगतो, अपाचे आधी तारीख. साध्या फाइलचा ईटॅग, म्हणजे सर्व्हर तिला लावतो ती ओळखखूण, बघा: एनजिनएक्समध्ये फाइल बदलल्याची वेळ आधी आणि आकार नंतर, अपाचेमध्ये बरोब्बर उलटं. भाच्याच्या सर्व्हरला मी 'गेट' ही पान मागायची आज्ञा मुद्दाम लहान इंग्रजी अक्षरांत पाठवली; ती मोठ्या अक्षरांत लागते. लगेच 400 ची, म्हणजे 'विनंती चुकीची' अशी, चूक आली, आणि पानाच्या तळाशी चक्क 'एनजिनएक्स' लिहिलेलं! आवृत्ती तेवढी लपली होती. खोटं नाव लावलं तरी हे वागणं बदलत नाही, म्हणून त्या दाव्यावर वेळ घालवत नाही.

एक मान्य करतो. एचटीटीपीचं, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांचं, प्रमाण ठरवणारा 2022 चा दस्तऐवज आरएफसी 9110 सुद्धा म्हणतो की सर्व्हर हेडरमध्ये नको तितका तपशील देऊ नये. पण कारण काय देतो? त्याने हल्लेखोराचं काम किंचित सोपं होऊ शकतं. 'किंचित'! एवढ्याशा आडोशावर दुकान सोडून द्यायचं?

खरा घात तिसऱ्या दाव्यात आहे: जुनी आवृत्तीही चालते. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये अपाचे 2.4.49 मधलं भगदाड उघड झालं. घाईने काढलेली 2.4.50 अपुरी पडली, 2.4.51 आणावी लागली. अशा वेळी इंटरनेट चाळत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, आधी नाव विचारत बसत नाहीत; दिसेल त्या पत्त्यावर तीच विनंती मारतात. भगदाड असलं की आत. शिवाय डेबियनसारखी लिनक्सची वितरणं आवृत्तीच्या जुन्याच आकड्यावर दुरुस्ती चढवतात, म्हणजे नुसत्या आकड्यावरून तुमचा सर्व्हर कच्चा की पक्का हेही कळत नाही.

काल रात्री भाच्याला फोनवर धरून बसलो. आधी बॅकअप, मग अपडेट. आवृत्ती लपवणारी ती ओळ तशीच राहू दिली.