वेस्टगेटची नळी काढू नका: टर्बोविषयीच्या एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

‘टर्बो बसवलेल्या गाडीसाठी सात हमखास उपाय’ अशा मथळ्याचा एक मराठी संदेश सध्या गाडीप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून फिरतो आहे. असे संदेश मी सहसा न वाचताच पुसून टाकतो. पण हा संदेश नाशिकहून निघून ओहायोत राहणाऱ्या माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने मला विचारले, “मामा, वेस्टगेटची नळी काढून पाहू का?” त्यामुळे आता गप्प बसणे शक्य नाही.

भाच्याकडे 1991 सालची माझ्दा एमएक्स-5, म्हणजे अमेरिकेत जिला सगळे मियाटा म्हणतात ती दोन आसनी गाडी आहे. कंपनीने ती टर्बोशिवाय, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राशिवाय, विकली होती. आधीच्या मालकाने तिला गॅरेटचा जीटी2560आर हा टर्बो बाहेरून बसवून घेतला. तक्रारी दोन होत्या. सिग्नलला थोडा वेळ उभी राहून निघताना गाडी मागून निळसर धूर सोडे आणि पूर्वी 7 पीएसआयपर्यंत जाणारे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) 4 च्या पुढे सरकत नसे. संदेशात या दोन्हींवर उपाय दिलेले आहेत, आणि दोन्ही चुकीचे आहेत.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: निळा धूर आला की टर्बो गेला, तो बदला, टर्बोला भरपूर ऑइल मिळावे म्हणून ऑइलच्या वाटेतला रिस्ट्रिक्टर (प्रवाह आवरणारे बारीक भोक) काढून टाका, बूस्ट कमी पडत असेल तर वेस्टगेटची नळी काढून तिचे तोंड बोल्टने बंद करा, शिट्टी ऐकू आली तर बेअरिंग संपले, 20डब्ल्यू50 ऑइलच वापरा, इंजिन बंद करण्याआधी दर वेळी पाच मिनिटे आयडलिंगवर ठेवा, आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची हवा बाहेर सोडली की ताकद वाढते.

आधी तिसरा मुद्दा घेतो, कारण इतर सहांनी पैसे जातात, याने इंजिन जाते.

वेस्टगेट म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला (टर्बोच्या एक्झॉस्टवर फिरणाऱ्या चाकाला) वळसा घालून परस्पर सायलेन्सरकडे सोडणारी झडप. ती उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरच्या डबीत एक डायफ्राम आणि एक स्प्रिंग असते. कॉम्प्रेसरकडून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूकडून) येणाऱ्या बारीक नळीतला दाब स्प्रिंगला वरचढ झाला की दांडा पुढे सरकतो, झडप उघडते आणि टर्बाइनचा वेग तिथेच आवरला जातो. ही नळी काढून तिचे तोंड बंद केले, की डबीला दाब किती झाला हे कळायचा मार्गच उरत नाही. झडप मिटलेलीच राहते आणि एक्सलरेटर दाबलेला असेपर्यंत बूस्ट चढत जाते. संदेश या बाबतीत खोटे बोलत नाही हे मान्य केले पाहिजे: नळी काढल्यावर मीटरचा काटा खरोखर वर जातो. तो कुठे थांबेल, हे मात्र संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही, कारण त्याला थांबवणारी एकमेव वस्तू त्यानेच काढायला लावली आहे.

आता हे कोणत्या इंजिनावर करायचे आहे ते पाहा. भाच्याच्या मियाटाचे 1.6 लिटरचे इंजिन मुळात 116 अश्वशक्तीचे आणि 9.4 कॉम्प्रेशन रेशोचे, म्हणजे वातावरणातली हवा आपली आपण ओढून घेण्यासाठी बनवलेले आहे. 7 पीएसआय बूस्टवर त्याच्या सेवनमार्गातला दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास दीडपट होतो. आधीच्या मालकाने बूस्टबरोबर इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर बसवला आहे, पण त्याचे गणित त्या 7 पीएसआयपुरतेच आहे. मूळ संगणकाला बूस्ट मोजणारा सेन्सर नाही, नॉक सेन्सर नाही, आणि हवा मोजणारा झडपेचा मीटर एका मर्यादेनंतर पूर्ण उघडून बसतो. त्यापुढे हवा कितीही वाढली तरी संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. हवा वाढली आणि इंधन त्या प्रमाणात वाढले नाही, की मिश्रण पातळ होते, तापमान चढते, आणि ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण स्वतःहून भडकते. हेच नॉकिंग. खुल्या गाडीत, वाऱ्याच्या आवाजात ते ऐकूही येत नाही. पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटली, की मग क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोटातून) भसाभसा वाफ येऊ लागते आणि त्यानंतर करायचे ते काम टर्बोचे नसते, पूर्ण इंजिन उतरवण्याचे असते.

बूस्ट कमी का पडते, हे पाहण्याचा क्रम अगदी साधा आहे आणि त्यात काहीही काढून फेकावे लागत नाही. टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडाला पीव्हीसीचे टोपण बसवावे, त्या टोपणात टायरचा व्हॉल्व्ह ओवावा आणि पंपाने 5 ते 7 पीएसआय हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी फवारावे. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून आणि रिंगांवरून थोडी हवा क्रँककेसमध्ये जातेच, त्यामुळे काटा हळूहळू उतरला म्हणून घाबरू नये. इंटरकूलरच्या (दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) एखाद्या नळीवर बुडबुड्यांचा गोळा फुगला, तर ती गळती. गळती तशीच ठेवून कंट्रोलरने बूस्ट वाढवले, तर तेवढीच हवा इंजिनात पोहोचवण्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते आणि हवाही जास्त तापते. पुढे वेस्टगेटच्या डबीला हातपंप आणि मीटर लावून दांडा किती दाबावर हलायला लागतो ते पाहावे, आणि दाब सोडल्यावर झडप पूर्ण मिटते का तेही पाहावे. बूस्ट कंट्रोलर दाब स्प्रिंगच्या मर्यादेच्या वर नेऊ शकतो. जिथे स्प्रिंगइतकाही दाब तयार होत नाही तिथे कंट्रोलर पिळून काय साधणार?

तिसरी जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते: मॅनिफोल्ड (सिलिंडरांतले एक्झॉस्ट गोळा करणारा भाग) आणि टर्बो यांच्यामधला फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळलेला जोड. बाहेरून टर्बो बसवलेल्या मियाटांमध्ये या जोडावरचे स्टड तापून-निवून सैल होणे ही जुनी, सर्वांना ठाऊक असलेली खोड आहे. म्हणूनच जाणकार तिथे इन्कोनेल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे स्टड आणि लॉक होणारे नट वापरतात. टर्बाइनपर्यंत पोहोचण्याआधीच एक्झॉस्ट निसटले, की चाक फिरवायला ताकद कमी पडते. भाच्याला मी टॉर्च घेऊन फ्लँजच्या कडा पाहायला सांगितले. खालच्या कोपऱ्यातून बाहेर पडणारा काजळीचा काळा पंखा फोटोतही स्पष्ट दिसत होता आणि दोन नट बोटांनी फिरत होते. संदेशाचे ऐकले असते, तर स्टड दुरुस्त करायचे सोडून त्याने इंजिन फोडले असते.

पहिला आणि दुसरा मुद्दा एकत्रच घ्यावे लागतात, कारण दुसरा उपाय केला की पहिल्यातला आजार होतो. टर्बोच्या शाफ्टवर रबरी ओठाचे ऑइल सील नसते. तिथे पिस्टन रिंगसारख्या धातूच्या बारीक रिंगा असतात, आणि त्या ऑइल अडवतात ते मुख्यतः दोन्ही चाकांकडचा वायूचा दाब बेअरिंग असलेल्या मधल्या घरातल्या दाबापेक्षा जास्त असतो म्हणून. मधल्या घरातून ऑइल खाली उतरते ते फेसाच्या रूपात आणि केवळ स्वतःच्या वजनाने. त्याला मागून ढकलणारा पंप नसतो. ते जितके आत येते तितक्या सहजतेने बाहेर पडले नाही, तर ते घरात साचते, रिंगांवरून निसटते आणि टर्बाइनच्या बाजूला जळून निळा धूर होते.

या बाबतीत मला माझे मत मांडायची गरज नाही. टर्बो बनवणाऱ्या गॅरेटनेच आपल्या तांत्रिक मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. बॉल बेअरिंगच्या (शाफ्ट छर्‍यांवर फिरणाऱ्या) टर्बोला जर्नल बेअरिंगच्या (शाफ्ट ऑइलच्या थरावर फिरणाऱ्या) टर्बोपेक्षा कमी ऑइल लागते. इंजिनाच्या कमाल वेगाला टर्बोच्या तोंडाशी ऑइलचा दाब 40 ते 45 पीएसआय असावा, त्यासाठी सामान्यतः किमान 0.040 इंच, म्हणजे साधारण एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर पुरतो, आणि तरीही रिस्ट्रिक्टरनंतरचा दाब मोजून खात्री करून घ्यावी. परतीच्या नळीचा आतला व्यास टर्बोच्या भोकापेक्षा लहान नसावा, ऑइल बाहेर पडण्याची दिशा उभ्या रेषेपासून 35 अंशांच्या आत असावी, नळी कुठेही आडवी किंवा चढती होऊ नये आणि ती सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात) ऑइलच्या पातळीच्या वर उघडावी. जीटी2560आर हा बॉल बेअरिंगचाच टर्बो आहे. म्हणजे ज्याला कमी ऑइल हवे त्याच्या घशात जास्त ओतायचे, त्याने धूर काढला की तो गेला म्हणायचे आणि नवा विकत घ्यायचा. नव्यानेही धूर काढला की माल निकृष्ट होता म्हणायचे! या संदेशाचा लेखक टर्बो विकत नसेल, तर त्याने विकायला हरकत नाही.

भाच्याच्या गाडीत रिस्ट्रिक्टर शाबूत होता. दोष परतीच्या नळीत सापडला: आधीच्या मालकाने ती स्टीअरिंगच्या जोडापासून दूर ठेवण्यासाठी वळवून नेली होती आणि वाटेत तिला झोळ पडून ती पुन्हा वर चढत होती. सिग्नलला उभे असताना त्या झोळात ऑइल तुंबे आणि निघताना त्याचा धूर होई. अर्थात प्रत्येक धूर नळीचाच असतो असे नाही. उतारावर एक्सलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबताना धूर आला, तर व्हॉल्व्हच्या सीलकडे पाहावे. बूस्टवर असताना आला, तर क्रँककेसचा श्वास मोकळा आहे का, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले वायू इंजिनाच्या सेवनमार्गात नेणारी झडप) बूस्टमध्ये उलटी हवा आत सोडतो का, हे पाहावे, कारण क्रँककेसमध्ये दाब वाढला की परतीची वाट आपोआप अडते. टर्बो खरोखर गेला का, हे ठरवायला इंजिन थंड असताना कॉम्प्रेसरचे चाक हाताने हलवून पाहावे. शाफ्ट आतबाहेर जाणवण्याइतका सरकत असेल किंवा चाकाची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो गेला. जर्नल बेअरिंगच्या टर्बोत बाजूला थोडा प्ले असणे मात्र नैसर्गिक आहे; ऑइलचा थर भरला की तो नाहीसा होतो. हा प्ले दाखवून चांगले टर्बो बदलायला लावणारे मिस्त्री मी आपल्याकडेही पाहिले आहेत.

शिट्टीबद्दल फार लिहीत नाही. बूस्ट चढताना येणारी फुसफुस किंवा शिट्टी बहुतेक वेळा हवेच्या गळतीची असते; थंड इंजिनावर टकटक होऊन तापल्यावर ती थांबली, तर मॅनिफोल्डचे गॅस्केट किंवा स्टड; आणि सायरनसारखा वेगाबरोबर चढत जाणारा, धातू घासल्याचा आवाज आला तरच बेअरिंगचा संशय घ्यावा. तसा आवाज आला की मात्र गाडी तिथेच थांबवावी.

20डब्ल्यू50 चा सल्ला उन्हाळ्यात ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला एखाद्या वेळी लागू पडेल. ओहायोच्या जानेवारीत, उणे 10 अंशांना, ते जाड ऑइल एक मिलिमीटरच्या भोकातून टर्बोपर्यंत पोहोचायला वेळ घेते, आणि नेमका तोच वेळ बेअरिंगला कोरडे फिरण्याचा असतो. ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलावे, एवढे संदेशाने म्हटले असते तर मी मान डोलावली असती.

सहावा मुद्दा अर्धा खरा आहे. केवळ ऑइलवर थंड होणाऱ्या जुन्या टर्बोंमध्ये तापलेले इंजिन अचानक बंद केले, की आत राहिलेले ऑइल जळून कोळसा होई. पाच मिनिटांचा नियम त्या काळातला आहे. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोत इंजिन बंद झाल्यावरही तापलेले पाणी वर चढून आणि थंड पाणी त्याची जागा घेऊन प्रवाह चालू राहतो, अर्थात पाण्याच्या नळ्या नीट जोडलेल्या असतील तर. ट्रॅकवरून किंवा घाट जोरात चढून आल्यावर थोडा वेळ इंजिन चालू ठेवावे, हे मलाही मान्य आहे. दुकानातून दूध आणल्यावर घराच्या दारात पाच मिनिटे पेट्रोल जाळण्याची गरज नाही. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवले की पुरते.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने ताकद वाढत नाही, आवाज वाढतो. थ्रॉटल बंद झाल्यावर अडकलेली हवा सोडून देणे एवढेच त्याचे काम, आणि तेव्हा तर तुम्ही एक्सलरेटरवरून पाय काढलेला असतो. शिवाय भाच्याच्या गाडीसारखा हवेचा मीटर टर्बोच्या आधी असेल, तर बाहेर सोडलेली हवा संगणकाने आधीच मोजलेली असते. तो तिच्यासाठी इंधन देतो, हवा मात्र निघून गेलेली असते, आणि मिश्रण गच्च होऊन इंजिन गचके खाते. त्या गाडीतही व्हॉल्व्ह हवेतच सोडलेला होता. त्याची नळी मीटर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपाला जोडल्यावर चौकात गाडी मंदावताना इंजिन बंद पडणे थांबले, जी तक्रार भाच्याने मला सांगितलीही नव्हती, कारण त्याच्या मते मियाटा अशीच चालते.