‘शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’? वर्गात तरी नाही

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज सारखा फिरतो: ‘संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. म्हणून काय शिकवता यापेक्षा कसं उभं राहून शिकवता हे महत्त्वाचं. जे मूल नजरेला नजर देत नाही, त्याचं लक्ष नाही.’ देहबोलीवर माझा फार विश्वास आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या दोन छोट्या प्रयोगांवरून आले. एकातही कुणी कुणाला काही शिकवत नव्हतं. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले; दुसऱ्यात तर ‘मेबी’ हा एकच शब्द, सोबत चेहऱ्यांचे फोटो. प्रश्न एवढाच, की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते का? ‘मेबी’ म्हणजे आपलं ‘बघू’. आई ‘बघू’ म्हणाली की सहलीला पाठवणार की नाही, हे पोरं तिच्या तोंडाकडे बघूनच ओळखतात, कारण त्या शब्दात काही सांगितलेलंच नसतं. शिवाय ५५ हा फक्त चेहऱ्याचा आकडा आहे, उभं राहण्याचा नाही. भावना आणि आवडनिवड सोडून इतरत्र हे समीकरण लागू होत नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच सांगून ठेवलंय.

‘काय शिकवता’ दुय्यम? बेरजेआधी छेद सारखे का करायचे, हे एकदा तोंड बंद ठेवून समजावून बघा. दृष्टिहीन मुलं दहावी होतात ती ऐकून आणि ब्रेल वाचून.

हाताचं काम वेगळं आहे, आणि ते मोठं आहे. हातवाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो यांच्या संशोधनातलं हे उदाहरण फळ्यावर लिहून पाहा: ३ + ४ + ५ = __ + ५. बरीच मुलं ७ ऐवजी १२ लिहितात. मग डावा तळहात डाव्या बाजूखालून फिरवायचा, उजवा उजव्या बाजूखालून, आणि म्हणायचं, ‘ही बाजू आणि ही बाजू सारखी.’ असे हातवारे स्वतः केलेल्या मुलांच्या लक्षात ते काही आठवड्यांनीही राहिलं. त्याहून मोलाचं म्हणजे, तोंडाने चुकीची रीत सांगणाऱ्या मुलाचा हात कधीकधी बरोबर जागा दाखवत असतो. ते मूल समजण्याच्या उंबरठ्यावर असतं. बोलणं आणि हात दोन्हीकडे लक्ष असेल तरच हे दिसतं. वाटे करून टक्के लावले की निसटतं.

राहिली नजर. अवघड प्रश्नावर विचार करताना मुलं नजर वळवतात, कारण समोरचा चेहरा वाचणं हेही डोक्याला कामच असतं. ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन यांनी ब्रिटनमध्ये मुलांवर याचा अभ्यास केला; नजर वळवायला सांगितल्यावर लहान मुलांची उत्तरं सुधारली.

माझ्या वर्गातली एक मुलगी हातच्याची वजाबाकी करताना छताच्या पत्र्याकडे बघते, ओठ हलत असतात. ‘इकडे बघ’ म्हटलं की तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी आता खडू खाली ठेवते आणि गप्प उभी राहते. ८३ वजा ३५ ला तिने पत्र्याकडे बघतच ‘अठ्ठेचाळीस’ सांगितलं.