नाकाची सर्जरी केली की डोकं शांत होतं? कुठे काय!

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, "चेहऱ्यात खोट वाटते ना, मग सर्जरी करून मोकळे व्हा, एकदा केली की कॉन्फिडन्स परत, सायकियाट्रिस्टची थेरं कशाला, आणि तसंही हे बायकांचं खूळ." सगळंच गंडलंय.

बायकांचं खूळ म्हणे! नसलेली किंवा किरकोळ खोट भलतीच मोठी वाटून डोक्यात सतत तेच घोळत राहतं, त्या मानसिक आजाराला म्हणतात बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, आणि तो पुरुषांनाही जवळपास तेवढाच होतो. माझा मावसभाऊ परळला राहतो, नाक चारचौघांसारखंच, पण हा लोकलच्या दारात उभा राहून बंद मोबाईलच्या काळ्या काचेत नाक बघणार, जेवायला बसला की स्टीलच्या वाटीत, मावशीने कंटाळून बेसिनवरचा आरसा काढला तर हा टाइल्समध्ये बघायला लागला. आणि कोविड संपला तरी मास्क काही सुटेना.

आता ते "एकदा केली की". केली ना त्याने, लोन काढून. दीडेक महिना खूश होता, मग म्हणे डावी नाकपुडी मोठी झाली, मग हनुवटीच्या मागे लागला. या आजारात बहुतेकांचं असंच होतं, खोट एकीकडून उठते आणि दुसरीकडे जाऊन बसते. दिवसातला किती वेळ आरशात जातो, एवढं जरी त्या क्लिनिकवाल्याने विचारलं असतं ना! एरवी शंभरात दोनेक जणांना हा त्रास असतो, नाकाच्या सर्जरीला येणाऱ्यांत बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज केली तर २० च्या आसपास. (सरसकट सर्जरी वाईट असं मी म्हणत नाहीये, अपघातात नाक मोडलेल्याची गोष्ट वेगळी.)

राहिली "थेरं". मोर्सेली नावाच्या इटालियन डॉक्टरने १८९१ मध्येच या आजाराला नाव दिलं होतं, २०१३ पासून अमेरिकन सायकियाट्रिस्टांच्या मॅन्युअलमध्ये तो ओसीडीच्या (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येणारा आजार) कुटुंबात आहे, म्हणजे मनातून काढून टाक म्हटल्याने जाणारा नाहीच. विचार आणि सवयी हळूहळू बदलायची सीबीटी नावाची थेरपी आणि डिप्रेशनवरही देतात त्या एसएसआरआय गोळ्या यांनी फरक पडतो, पण गोळ्यांनाच दोन-तीन महिने द्यावे लागतात, आणि या आजारात आत्महत्येचे विचार येण्याचं प्रमाण बरंच आहे म्हणून थांबून बघू असं करू नका. भावाला केईएमच्या ओपीडीत नेलं, थेरपीत पहिला गृहपाठ काय तर मास्क न लावता कोपऱ्यावरच्या वाण्याकडून कोथिंबीर आणायची. तीन वेळा जिन्यातून परत आला. चौथ्यांदा आणली, पिवळी पडलेली, मावशी काही बोलली नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ग्रुपवर टाकलाय, त्या मेसेजच्या बरोब्बर खाली. फुकट आहे, रात्रीबेरात्री पण उचलतात.